खिडकीकडे पाठ केलेली कोरफड

१

आधीच सांगून टाकते, मला झाडांतलं ओ की ठो कळत नाही. माझं काम माणसांचं. कमरेचे पट्टे, मानेचे पट्टे, वाकड्या पावलांना लावायचे आधार, हे सगळं मी माझ्या हाताने बनवते. मागच्या गल्लीत माझी कार्यशाळा आहे. एक लांब टेबल, शिलाईचं मशीन, प्लास्टिक मऊ करायची भट्टी आणि गिऱ्हाइकाला बसायला एक स्टूल. गिऱ्हाईक बसलं की मी ओळंबा सोडते, कोण कुठे किती कललंय ते बघते आणि मग माप घेते. वाकलेलं सरळ करणं हा माझा धंदा आहे. लोक म्हणतात, स्वभावही तोच आहे.

कोरफड आणली ती ताईसाठी. ताई माझी थोरली बहीण. आई-बाप लवकर गेले, मग तिनेच मला खाऊपिऊ घातलं, शिकवलं, प्रसंगी धपाटेही घातले. जन्मभर ती बसमध्ये कंडक्टर होती. "पुढे सरका, पुढे सरका!" असं ओरडली की शेवटच्या बाकावर डुलक्या काढणारा माणूसही उठून उभा राहायचा. मला ती फौजदार म्हणते, कारण घरात मी सगळ्यांवर हुकूम सोडते. सगळे म्हणजे ती एकटीच.

तिच्या छातीचं ऑपरेशन झालं. छान झालं. डॉक्टरांनी हसून सांगितलं, "आता खा, प्या, हिंडा." पण ताई हिंडेना. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. जेवण चिवडायची. आवाज तर इतका बारीक झाला होता की स्वयंपाकघरातून मला ऐकू यायचा नाही. मला वाटलं, काहीतरी हिरवं समोर असलं तर निदान त्याला नावं ठेवायला तरी उठेल.

नर्सरीवालीने मला एका दमात सगळं सांगितलं. पाणी कमी. माती कोरडी झाल्याशिवाय घालायचं नाही. मातीत वाळू भरपूर, कुंडीला खाली भोक हवं. खालची जून पानं बुडातून कापायची. पिल्लं फुटली की काढून वेगळी लावायची, नाहीतर आईला जागा पुरत नाही. "आणि कुंडी अधूनमधून फिरवत जा हो," ती म्हणाली. "ही उजेडाकडे झुकते. एकाच बाजूला ठेवली तर वाकडी वाढेल."

"वाकडी?" मी म्हटलं. "माझ्या घरात?"

२

बाहेरच्या खोलीला मोठी खिडकी आहे, सकाळभर ऊन असतं. कोरफड तिथल्या कट्ट्यावर ठेवली. ताईच्या पलंगावरून दारातून ती दिसायची.

"फौजदार, एक आजारी पुरली नाही का तुला?" ताईने विचारलं. पण बघितलं तिने. तेवढ्यावर मी खूश.

सुरुवातीला मी सगळे करतात तेच केलं. भरमसाट पाणी घातलं. पानं पिवळी पडली, मऊ झाली. मग कुंडी उलटी करून झाड काढलं, कुजलेली मुळं कापली, दोन दिवस सुकू दिलं आणि वाळूच्या मातीत पुन्हा लावलं. झाड तरारलं. मला इतका आनंद झाला की मी ताईला हाताला धरून ते बघायला बाहेर आणलं. दारापर्यंत आली, चौकटीला धरून उभी राहिली, दमली, परत गेली.

त्यानंतर कोरफड झुकायला लागली. खिडकीकडे नाही, घराकडे.

आधी वाटलं, मीच कुंडी फिरवली असेल आणि विसरले असेन. मग कुंडीवर खडूने खूण केली, खूण खिडकीकडे ठेवली. खूण हलली नाही. झाड मात्र दिवसागणिक आत झुकत गेलं. उन्हाकडे पाठ आणि तोंड ताईच्या खोलीच्या दाराकडे. मी कुंडी अर्धी फिरवली, म्हणजे कल खिडकीकडे गेला. आठवडा गेला नाही तोच पानं वळून पुन्हा दाराकडे आली. एकूण एक पान.

दारासमोर आरसा होता. म्हटलं, त्यात खिडकीचं ऊन पडत असेल आणि झाड फसत असेल. आरसा काढून पलंगाखाली सरकवला. झाडाला काही फरक पडला नाही.

"पडदा ओढ गं," आतून ताई म्हणाली. "डोळ्यांवर येतंय."

मी आत गेले. तिच्या खोलीची खिडकी मागच्या भिंतीकडे उघडते, तिथे ऊन कधी येतच नाही. आणि पडदा ओढलेलाच होता. मी तो पुन्हा ओढल्यासारखं केलं. आजारी माणसाशी कशाला वाद घालायचा?

३

मला राग आला. झाडाचा कसला राग म्हणाल, पण आला. मी माणसांचे पाठीचे कणे ताळ्यावर आणते आणि हे वीतभर झाड मला जुमानत नाही म्हणजे काय?

एका दुपारी कार्यशाळेत बसून मी कोरफडीसाठी आधार बनवला. हसू नका. वाकलेल्याला सरळ करायचं तर तीन ठिकाणी धरावं लागतं: दोन एका बाजूने आणि तिसरं मध्ये, समोरच्या बाजूने. पातळ प्लास्टिकची पट्टी भट्टीत मऊ करून खोडाच्या मापाने वाकवली, आतून फोम लावला, दोन पट्टे आणि बक्कल. लहान मुलाच्या मनगटाला लावते तसाच. काठी रोवून सुतळीने बांधणं हे दुसऱ्या कुणाला सुचलं असतं, मला नाही.

आधार घातला तेव्हा झाड शिपायासारखं ताठ उभं राहिलं. मी ताईला हाक मारून दाखवलं.

"बिचारी," ताई म्हणाली. "बघू तरी दे की तिला, काय बघायचंय ते."

"काय बघायचंय तिला?"

ताईने कूस बदलली.

चार-सहा दिवसांनी वरच्या पट्ट्याचा रिव्हेट उपटून निघालेला मिळाला. कट्ट्याखाली पडला होता. असा रिव्हेट मी अंगापिंडाने मजबूत माणसाच्या पट्ट्याला लावते, तो पक्कड लावूनही मला निघत नाही. प्लास्टिकची पट्टी वाकली होती. भट्टीत ठेवल्याशिवाय ती वाकत नाही, तडकते. हिला तडा नव्हता. ती मऊ होऊन वाकली होती आणि कोरफड तिच्यासकट दाराकडे कलली होती.

मी पट्टी हातात घेऊन बराच वेळ बसले. ऊन जास्त पडलं असेल, अशी स्वतःची समजूत घातली. पण पट्टी खिडकीकडच्या बाजूने कडक होती. मऊ झाली होती ती आतल्या बाजूने.

४

एव्हाना कोरफडीला दोन पिल्लं फुटली होती. ती काढली, सुकवली, छोट्या कुंड्यांत लावली आणि वाटून टाकली. एक खालच्या मजल्यावरच्या घड्याळवाल्या काकांना. ते घरीच घड्याळं दुरुस्त करतात, त्यांचं टेबल बरोबर ताईच्या खोलीखाली येतं. दुसरं वरच्या शिकवणीवालीला. ती गणित शिकवते आणि गणिताइतकीच कोरडी आहे, पण मनाने चांगली. ताईसाठी कधीमधी खीर आणून देते.

पहिली तक्रार काकांची आली. जिन्यात गाठलं त्यांनी.

"अहो, तुमचं ते पिल्लू काही ठीक दिसत नाही. पानं पसरायला नकोत का? त्याने सगळी मिटून घेतलीयत. सरळ छताकडे उभी. हात वर करून कुणाला तरी बोलावतंय असं वाटतं. मला कामात लक्ष लागेना, म्हणून त्यावर टोपी घातली."

"टोपी?"

"माझी माकडटोपी. हसताय काय?"

मी हसत हसत वर गेले, शिकवणीवालीला गंमत सांगायला. तिने मला तिच्या झोपायच्या खोलीत नेलं, ती बरोबर ताईच्या खोलीवर येते. तिची कुंडी खाली जमिनीवर होती. पिल्लाची पानं काठावरून खाली वळली होती आणि त्यांची टोकं फरशीला टेकली होती. नुसती टेकली नव्हती, दाबली गेली होती. एक टोक फुटून त्यातला गर फरशीवर वाळला होता.

"मी टेबलावर ठेवलं होतं," ती म्हणाली. "तिथूनही खालीच वाकायचं. पडेल म्हणून जमिनीवर ठेवलं. झाडं उजेडाकडे वाढतात, एवढं सोपं शास्त्र आहे. यात घाबरण्यासारखं काहीच नाही." मग म्हणाली, "फक्त मला एवढं सांगा, तुमच्याकडे खाली नेमका कसला उजेड आहे?"

५

मी घाबरले. खोटं कशाला बोलू? पण घाबरले की मी मापं घेते, ती माझी खोड आहे.

काकांच्या टेबलापाशी पिल्लाच्या पानांच्या टोकांवर ओळंबा धरला. वर शिकवणीवालीच्या खोलीत धरला. भिंतीपासूनचं अंतर टेपने मोजलं. मग आमच्या बाहेरच्या खोलीतल्या कोरफडीच्या कलावरून दोरी ताणली आणि ती दारातून आत नेली. ताई झोपली होती. खालची खूण, वरची खूण आणि माझी दोरी, तिन्ही एका जागी आली. तिथे मी खडूने फुली मारली. कपाट आणि पलंग यांच्या मधोमध. तिथे काही नव्हतं. फरशी होती.

मी त्या जागेवरून हात फिरवला. हवा कोमट होती, भट्टीचं झाकण उघडल्यावर येते तशी. खिडकीपाशी जाऊन आले, तिथे गार होती.

नंतरच्या आठवड्यात पुन्हा मोजलं. काका बिचारे कुंडीवरची टोपी काढून बाजूला उभे राहिले. आता फुली पलंगाच्या जास्त जवळ आली. पुन्हा मोजलं, आणखी जवळ. फरशीवर माझ्या खडूच्या फुल्यांची रांग झाली आणि रांग ताईच्या उशीकडे चालली होती.

आणि ताई त्याच हिशोबाने खंगत होती. डॉक्टरांनी तपासलं, पुन्हा तपासलं. जखम भरली होती, सगळं ठीक होतं. "मनाने उभारी धरायला हवी," ते म्हणाले. ते त्यांच्या जागी बरोबर होते. पण ताईचे ओठ सुकले होते, चेहऱ्याची कातडी उन्हात राहिलेल्या माणसासारखी रापली होती. महिनोन् महिने घराबाहेर न पडलेली बाई!

"पडदा ओढ गं," ती सारखी म्हणायची. "किती प्रखर आहे."

"ताई, काय आहे तिथे? कोण आहे?"

"मला काय माहीत? डोळे उघडवत नाहीत." मग हळूच म्हणाली, "वाईट नाहीये गं. उबदार आहे. जावंसं वाटतं."

हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. जावंसं वाटतं म्हणे! कुठे जायचंय? मला आहे कोण दुसरं?

६

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कामावर गेले नाही. कोरफडीची कुंडी उचलली आणि ताईच्या खोलीत नेऊन पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवली. दार लावलं. पडदा नीट ओढला. खोलीत तोच मळकट अंधार झाला जो पडदा ओढल्यावर भर दुपारी होतो.

वेळ लागला. डोळे सरावले तेव्हा मला पडद्यावर सावली दिसली.

कोरफडीची सावली. एकेक पान, पानांच्या कडेचे काटेसुद्धा, रेखीव. पडद्यावर. म्हणजे खिडकीकडे. आता तुम्हीच सांगा, खिडकीकडे सावली पडायची तर उजेड कुठून यायला हवा? माझ्या पाठीमागून, खोलीच्या आतून. मी वळले. कपाट होतं, भिंत होती. काळोख होता. पुन्हा पडद्याकडे बघितलं. पलंगाची सावली होती, ताईच्या डोक्याची होती आणि आता माझीही होती. मी हात हलवला, सावलीने हलवला.

मग सावल्या वाढायला लागल्या. आम्ही कुणी हललो नव्हतो. जवळ दिवा आणला की वाढतात ना सावल्या, तशा.

ताईने उशीवरून मान उचलली. किती दिवसांत तिने स्वतःहून मान उचलली नव्हती! तिचे डोळे मिटलेले होते आणि ती माझ्या पाठीमागच्या त्या जागेकडे तोंड करून हसत होती. एक हात पांघरुणाबाहेर काढून तिने पुढे केला.

मी काय केलं ते सांगते. पळाले नाही. फुल्यांच्या रांगेत, शेवटच्या फुलीच्या आणि पलंगाच्या मध्ये जाऊन उभी राहिले. तोंड त्याच्याकडे, पाठ ताईकडे. चेहऱ्यावर एकदम धग आली, डोळ्यांतलं पाणी सुकलं. समोर दिसत काहीच नव्हतं. आणि मी ओरडले, ताईच्या बसमधल्या आवाजात ओरडले:

"मागे सरका! जागा नाही!"

वर शिकवणीवालीच्या घरात काहीतरी पडल्याचा आवाज आला. नंतर कळलं, तिचं पिल्लू कुंडीसकट उलटलं होतं.

पाठीमागे ताईने सुस्कारा सोडला. "हां," ती म्हणाली. "आता बरं वाटतंय. ओढलास का पडदा?"

"ओढला," मी म्हटलं. "झोप तू."

७

मग मी तिथेच खुर्ची टाकली. कामाचं सामान घरी आणलं. कामाचा निळा ॲप्रन घालून, ताईकडे पाठ करून मी पट्टे शिवत बसायचे. मधूनच समोरच्या रिकाम्या जागेला शिव्या द्यायचे. चांगल्या ठेवणीतल्या द्यायचे, माझ्याकडे साठा भरपूर आहे. "माझ्या ताईला न्यायला आलात? रांगेत उभे राहा आधी." असलं काहीबाही. ताई पांघरुणात खुदखुदायची. तिला वाटायचं, मी फोनवर कुणाशी भांडतेय. निदान मला तेव्हा असं वाटत होतं.

भीती नव्हती असं नाही. जेवायला उठायचं तर आधी खुर्चीच्या पाठीवर आडोशाला चादर टाकून जायचे आणि धावत परत यायचे. पण हटले नाही. मरगळून ताईच्या पायाशी बसायचं की समोर बसून भांडायचं, एवढंच माझ्या हातात होतं.

हळूहळू ताई उठून बसायला लागली. मग मऊ भात मागून खाल्ला. मग भाताला मीठ कमी आहे म्हणून मला झापलं. त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले.

कोरफडीचा कलही बदलत होता. ती आता पलंगाकडे बघत नव्हती. तिची सगळी पानं माझ्या खुर्चीसमोरच्या रिकाम्या जागेकडे वळली होती.

एका सकाळी ताई म्हणाली, "फौजदार, पडदा उघड ना. काय काळोख करून ठेवलायस खोलीत!"

मी पडदा उघडला. मग ॲप्रन काढायला गेले तेव्हा लक्षात आलं, पाठीमागे बांधायच्या नाड्या पहिल्यासारख्या निळ्या होत्या आणि पुढचा सगळा भाग वर्षभर उन्हात वाळत टाकल्यासारखा पांढरा पडला होता.

८

मी पुन्हा कार्यशाळेत जायला लागले. कोरफडीला एक नवं पिल्लू आलं होतं, ते काढून, सुकवून, टेबलाच्या टोकाला लावलं. आता मला ते बऱ्यापैकी जमतं. खालची पानं कापते, पाणी बेताने घालते, कुंडी फिरवते. घरची कोरफड हल्ली शहाण्यासारखी खिडकीकडे झुकते. काकांनी टोपी परत डोक्यावर घातली. शिकवणीवालीच्या पिल्लाची पानं पसरली.

टेबलावरचं पिल्लू मात्र खिडकीकडे बघत नाही. ते स्टुलाकडे बघतं.

गिऱ्हाईक असलं की मी खुर्ची देते, स्टुलावर कुणाला बसू देत नाही. पाय मोडकाय म्हणून सांगते. काम करताना उजव्या गालाला धग लागते. मी वर बघत नाही. माझ्या घरातून बाहेर काढलंय ना? मग बसू दे.

काल दुपारी दारात खाकरल्याचा आवाज आला. बघते तर ताई! हातात डबा. एकटी जिने उतरून, रस्ता ओलांडून आली होती, धापा टाकत होती आणि चेहऱ्यावर असा माज की विचारू नका.

"डबा विसरलीस," ती म्हणाली आणि स्टूल ओढायला वाकली.

"तिथे नको!"

मी इतक्या जोरात ओरडले की टेबलावरची कात्री खाली पडली. ताई वाकलेलीच थांबली. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग कुंडीतल्या पिल्लाकडे, मग ते बघत होतं तिकडे, रिकाम्या स्टुलाकडे. तिने हात पुढे केला आणि कोमट पाणी चाचपावं तसा हवेत फिरवून झटकन मागे घेतला.

आता ती पुन्हा हसेल, डोळे मिटेल, जावंसं वाटतं म्हणेल. मी टेबलाला वळसा घालून तिच्या आणि स्टुलाच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"गिऱ्हाईक आहे," मी म्हटलं.

ताईने मला दंडाला धरून बाजूला केलं. तिच्या बोटांत जोर होता. ती सरळ उभी राहिली, कमरेवर हात ठेवला, आणि तिच्या गळ्यातून तो जुना आवाज निघाला, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"मग रांगेत ठेव त्याला. आधी आपण जेवू."

आम्ही जेवलो. टेबलाच्या या बाजूला दोघी, शेजारी शेजारी, सावकाश. भाजी तिखट झाली होती, दोघींच्या नाकातून पाणी येत होतं. पिल्लू स्टुलाकडे बघत होतं. जेवून ताईने हात धुतले, तिथेच खुर्चीत रेलली आणि घोरायला लागली.

मी खिळ्यावरचा ओळंबा काढला, टेप गळ्यात अडकवली आणि स्टुलासमोर जाऊन उभी राहिले. तोंडावर धग आली. डोळे उघडे ठेवले.

"ताठ बसायचं," मी म्हटलं.